काचेतली खारवाडी

“आणि पाणी कमी झालं की काय घालता?”

इंदूमाईंनी हे विचारलं तेव्हा कमळाकर तांडेल अजून मठाच्या उंबऱ्यातच होते. चपला काढायच्या आधीच त्यांनी तक्रार मांडून टाकली होती. टाकी नवी आहे, काच जाड आहे, हवेचा पंप कधी बंद नसतो, तरी आतले जीव मरत चाललेत.

“समुद्राचं घालतो. दुसरं काय घालणार?”

“कुठल्या समुद्राचं?”

“आमच्या.”



“बसा, अध्यक्ष.”

तांडेल बसले. अध्यक्ष म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. खारवाडी बचाव समितीचे ते अध्यक्ष होते, ही खरी गोष्ट. खारवाडी वाचली नाही, हीसुद्धा खरी गोष्ट.

खारवाडीच्या जागी आता बंदर आहे. माणसं उचलून घाटमाथ्यावर आणली. ट्रकमध्ये भांडी चढवली, कोंबड्या चढवल्या. होड्या चढवता आल्या नाहीत. नव्या वसाहतीला सरकारने नाव दिलं नवी खारवाडी. खाऱ्या पाण्याचा थेंब नसलेल्या माळाला हे नाव ज्या साहेबाला सुचलं, त्याला पुढे बढतीही मिळाली असेल. घरं एकाच साच्यातली. खिडक्या चांगल्या मोठ्या. त्यांतून समुद्र सोडून सगळं दिसतं.

लोकांनी एकेक करून कागदांवर सह्या केल्या. तांडेल शेवटपर्यंत अडून राहिले. तडजोड हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात.

त्यांची बायको मथुरा या माळावर वारली. जन्मभर ओहोटीला खडकावर बसून कोयतीने कालवं फोडलेली बाई. शेवटी शेवटी ती आपले तळहात नाकाशी नेऊन हुंगायची आणि म्हणायची, वास गेला.

तिच्या अस्थी घेऊन तांडेल खारवाडीच्या किनाऱ्यावर गेले. तिथे भिंत, भिंतीला फाटक, फाटकावर रखवालदार. त्याने पास मागितला. तांडेलांनी फडक्यात बांधलेला कलश पुढे केला. रखवालदाराने तो नीट पाहिला आणि म्हणाला, यांचाही लागेल.

दुसऱ्या किनाऱ्यावर सोडा, असं सगळ्यांनी सुचवलं. कोकणात किनाऱ्यांची काय वानवा. तांडेल म्हणाले, ती त्या किनाऱ्यांची नव्हती. कलश परत आणला आणि घरातल्या खुंटीला टांगला.

मग त्यांनी समुद्रच घरी आणायचं ठरवलं.

त्यांचा भाचा बंदरावर नोकरीला लागला होता. ज्यांनी गाव घेतलं त्यांच्याकडेच चाकरी, म्हणून तांडेल त्याच्याशी बोलत नसत. या कामासाठी बोलले. भाच्याने जेट्टीवरून कॅन भरभरून पाणी पाठवलं. वाळू पाठवली. आणि मथुरा कालवं फोडायची तिथला एक दगड, त्याला चिकटलेल्या जिवांसकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवला.

तालुक्याच्या गावातून काचेची टाकी आली. नवशिक्याला लोक जे जे सांगतात ते सगळं तांडेलांनी केलं. वाळू धुतली, पाणी स्थिरावू दिलं, मासे सोडायची घाई केली नाही. एक दिवस दगडावरचा एक जीव उघडला. फुलासारखा, देठ दगडाला धरून, पाकळ्या पाण्यात हलवणारा. त्या दिवशी तांडेल टाकीपुढून जेवायलाही उठले नाहीत.

त्यांच्या मनात होतं ते एवढंच. मथुराला तिच्या समुद्राकडे नेता येत नाही, तर समुद्र तिच्याकडे आणायचा. टाकी नांदती झाली की तिला त्या पाण्यात सोडायचं.

पण टाकी नांदली नाही. आधी मासे गेले. मग कोळंबी. शंखातला खेकडा शंख टाकून उघडा बाहेर आला आणि वाळूवर मेला. दगडावरचं फूल मिटून गोळा झालंय, पण अजून दगड धरून आहे.

“मेलेल्या पाण्यात तिला कसं सोडू?” तांडेल म्हणाले.



इंदूमाईंनी तरुणपणी किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात माशांच्या टाक्या सांभाळल्या होत्या. नोकरी सोडून त्या घाटावर का आल्या, हे कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या मठात मूर्ती नाही. मूर्तीच्या जागी समुद्राच्या पाण्याची एक लहानशी टाकी आहे, तिच्यात पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे आणि बरेच दगड. लोक संसाराचे, मोक्षाचे, जमिनीच्या वाटणीचे प्रश्न घेऊन येतात. माई त्यांना टाकीसमोर बसवतात आणि आपल्या कामाला लागतात. बरेच जण तेवढ्यावर घरी जातात.

तांडेल त्यांतले नव्हते.

“पाण्यात काय कमी पडतंय तेवढं सांगा,” ते म्हणाले. “कुठूनही आणीन.”

“कमी काही पडत नाही.”

“मग जीव मरतात कसे?”

माईंनी हात पुढे केला. तांडेलांनी पिशवीतून बाटली काढून दिली. टाकीतलं पाणी त्यांनी बरोबर आणलं होतं. माई अंगणात गेल्या. उन्हाने तापलेल्या काळ्या फरशीवर त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, उरलेलं परत दिलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

तांडेलांना हा वेळकाढूपणा वाटला. असा वेळकाढूपणा त्यांनी कचेऱ्यांमधून पुष्कळ पाहिला होता. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बोलत राहिले. आपण काही हयगय केलेली नाही. माळावर वारा सारखा, पाणी भराभर उडतं; पण पाणी बोटभर जरी खाली गेलं तरी आपण लगेच कॅन उघडतो. लोक म्हणाले, नळाचं घाल, विहिरीचं घाल, कुणाला कळतंय. आपण ऐकलं नाही.

“एक थेंब गोडं पाणी जाऊ दिलेलं नाही, माई.”

हे त्यांनी असं सांगितलं, जणू भरल्या सभेत सांगत होते.

माईंनी चहात गूळ टाकला. ढवळला. गाळला.

“खारवाडीत मिठागर होतं ना?”

“होतं की. मामाचंच. माझं लहानपण तिथे गेलं.”

“मीठ कसं करायचे?”

माहीत असलेलं सांगायला तांडेलांना आवडायचं. सोपं असतं, ते म्हणाले. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं. उन्हात सुकू द्यायचं. पाणी खाली गेलं की वर पुन्हा भरतीचं घ्यायचं. पुन्हा सुकू द्यायचं. खाली गेलं की पुन्हा…

ते थांबले.

माई कपाची कड फडक्याने पुसत होत्या.

“पुन्हा?”

तांडेलांची नजर अंगणाकडे वळली.

“आणि त्या वाफ्यांत मासे किती असायचे, अध्यक्ष?”

…

तांडेल अंगणात गेले. फरशी वाळली होती. पाणी ओतलं होतं तिथे पांढरा डाग होता. त्यांनी वाकून बोट फिरवलं. बोटाला कण लागले. ते बोट त्यांनी जिभेला लावलं आणि तसेच उकिडवे बसून राहिले.

मग ते उठले आणि भांडायला आत आले. हरल्यावर त्यांना भांडायचंच ठाऊक होतं.

आधी जमीन घेतली, ते म्हणाले. मग नाव घेतलं आणि या उजाड माळाला चिकटवलं. खारवाडीचं म्हणून एवढंच पाणी उरलंय जगात, माझ्या घरात, काचेत. त्यात आता या माळावरचं पाणी ओतू? म्हणजे त्यांना हवं तेच झालं. सगळं हळूहळू पातळ करायचं. इतकं पातळ, की मग कुणाला चवच आठवू नये.

“तुम्हीसुद्धा तडजोडच सांगताय,” ते म्हणाले.

माईंनी कोपऱ्यातला तांब्या उचलला.

मठाच्या मागे एक ओहोळ वाहतो. माईंनी त्यातून तांब्या भरला, फडक्यातून गाळून घेतला आणि आत येऊन आपल्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. टाकीच्या काचेवर बाहेरून एक रेघ ओढलेली होती. पाणी तिच्या थोडं खाली आलं होतं. माईंनी तांब्या कलता केला. धार नाही, जवळजवळ थेंब थेंब. रेघेला पाणी टेकलं तसा तांब्या सरळ केला. आतल्या माशांनी वळूनही पाहिलं नाही.

तांडेल पाहत होते.

“गोडं?”

“गोडं.”

“रोज?”

“रोज. उडेल तेवढं.”

“मग खारं कधी घालता?”

“एकदाच आणलं होतं.”

“आणि नंतर?”

“ते कुठे गेलंय?”

…

एक मासा दगडाआड गेला. दुसरा त्याच्या मागोमाग गेला.

माईंनी गुळाचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. तांडेलांनी कप परत लोटला.

“मी गोड खात नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलंय?”

“नाही.”

मग तांडेलांनीच सांगितलं, टाकीकडे बघत. मथुराचे दिवस झाल्यावर तिच्या माहेरची माणसं रीतीप्रमाणे गोड करायला आली होती. शेवयांची खीर आणली होती. सगळे पानावर बसले. दुखवटा संपला, आता तोंड गोड करा, असं तिचा भाऊ म्हणाला, तेव्हा ते पानावरून उठले. ती खुंटीला टांगलेली आणि आपण खीर खायची? तिला तिच्या पाण्यात सोडेपर्यंत तोंडात गोड घालायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून चहासुद्धा बिनसाखरेचा.

“तिला खीर आवडायची?” माईंनी विचारलं.

“तिला?” तांडेलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. “पातेलं खरवडून खायची. वर म्हणायची, आम्ही खाऱ्या पाण्यातली माणसं, आमच्या तोंडात साखर लवकर विरघळते.”

ते हसायला गेले. हसू आलं नाही.

माईंनी रिकामा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि मागच्या दाराकडे मान केली.

तांडेल ओहोळापाशी गेले. वाकले. पाणी थंड होतं. तांब्या बुडवला तरी वर काढला नाही, पाणी त्याच्यात शिरत राहिलं आणि काठावरून वाहत राहिलं.

“हा ओहोळ कुठे जातो, माई?”

विचारायची गरज नव्हती. बंदराविरुद्धच्या खटल्यात खारवाडीचा नकाशा त्यांनी स्वतः भिंतीवर लावला होता, आणि न्यायाधीशांना बोटाने दाखवलं होतं: हा ओहोळ इथे घाटावर उगम पावतो, इथे कडा उतरतो, इथे आमच्या खाडीला मिळतो आणि खाडी आमच्या कालवांच्या खडकापाशी समुद्रात जाते. बंदराची भिंत बांधतानाही खाडीचं तोंड कुणाला बुजवता आलं नव्हतं. तिथे फाटक नव्हतं. रखवालदारही नव्हता.

माई दारात उभ्या होत्या. हातात तोच चहा होता, एव्हाना गार झालेला.

“हे पाणी गोडं आहे,” तांडेल म्हणाले. “तिला गोड्या पाण्यात…”

तांब्या तसाच पाण्यात धरून ते बसून राहिले. डोळ्यांतून आलेलं ओठांपर्यंत पोचलं. ते त्यांनी पुसलं नाही.

माई पायऱ्या उतरल्या आणि चहा त्यांच्याशेजारी दगडावर ठेवला.

“गेलं ते गोडं होतं, तांडेल,” त्या म्हणाल्या. “गोडंच घाला.”