उजवी पाडू की डावी?

कोकणातलं एक गाव. तिथे सोमा गुरवाचा एक भोळा भाचा राहायचा, तातू नावाचा. आईबाप नव्हते, म्हणून मामाकडे दोन वेळची पेज आणि देवळात पडेल ते काम. काम तसं सोपं. कोणी देवीला काही विचारायला आलं की मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यालाच कौल म्हणायचं. पाकळी पडेपर्यंत मामा देवीला गाऱ्हाणं घालायचा आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणायची, "व्हय म्हाराजा!" वाक्य काय होतं ते कोणी ऐकत नसे.

निवडणूक आली. आमदार दिगंबरशेठ नारळ घेऊन आले. "आई, मीच निवडून येणार ना?"

वारा सुटला, डावी पडली. शेठचं तोंड एवढंसं झालं.

घरी मामाने तातूचा कान पिळला. "मेल्या, शेठ मला देवस्थानचा अध्यक्ष करणार आहेत. मोठं माणूस आलं की उजवीच पडली पाहिजे. डावीला फणसाचा चीक लावायचा."

"देवीला कळलं तर?"

"देवी घरचीच आहे."

तातूला पटलं. दुसऱ्या दिवशी शेठच्या विरोधातल्या सुधाताई आल्या. बाई मोठी, गाडी त्याहून मोठी. तातूने डावीला चांगला दाट चीक फासला. ताईंनी हात जोडले. "आई, तो दिगंबर याही खेपेला येणार का गं?"

उजवी टपकन पडली. ताई आणलेला नारळ परत घेऊन गेल्या.

"गाढवा," मामा म्हणाला, "समोरच्याला काय हवंय ते बघून चीक लावायचा!"

"ते कसं कळणार?"

"नाही कळलं तर आधी विचार."

मग मासे विकणारी शेवंता आली. तिच्या पोराची होडी समुद्रातून परतली नव्हती. तातूने आधी विचारलं, "काकी, उजवी पाडू की डावी?"

शेवंता म्हणाली, "खरी असेल ती पाड रे बाबा."

तातू अडकला. खरी कशी पाडायची ते मामाने शिकवलंच नव्हतं. तो चिकाची वाटी धरून बसून राहिला आणि शेवंता डोळे पुसत घरी गेली. त्याला फार वाईट वाटलं. पोरगा दुसऱ्या दिवशी आला, कौलावाचूनच.

मामा भडकला. "असल्यांना कशाला विचारतोस? विचारायचं ते मोठ्या माणसाला. हात जोडून, मानाने. आणि पुटपुटू नको, स्पष्ट बोल. आता एक चूक केलीस तर पेज बंद."

इकडे शेठने जाहीर केलं, "मला खुर्चीचा मोह नाही. आई सगळ्यांसमोर होय म्हणाली तरच अर्ज भरीन." देवळाला कर्णे लागले. गाव लोटलं. तातूने या वेळी धोका पत्करला नाही. दोन्ही पाकळ्यांना चीक लावला. सांगतील ती सोडवायची.

मामाने माइकवर गाऱ्हाणं सुरू केलं. "आई, हे तुझं लेकरू गावासाठी झिजलं..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याला स्वतःसाठी काही नको..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या मनात असेल तोच कौल दे..."

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या काही हलेनात. मामाचं गाऱ्हाणं संपलं, शेठ घाम पुसू लागले. तेव्हा तातू उठला, माइकपाशी गेला आणि हात जोडून अगदी स्पष्ट म्हणाला, "शेठ, उजवी पाडू की डावी? चीक सुकायच्या आत सांगा."

शेठ दातओठ खात पुटपुटले, "उजवी रे मेल्या, उजवी." माइकने ते पार बाजारापर्यंत पोचवलं.

तातूने उजवी पाकळी नखाने खरवडून काढली आणि शेठच्या हातावर ठेवली. "घ्या शेठ. देवीने दिली."

आणि सारं गाव, सवयच ती, एका सुरात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

तातूचा जीव भांड्यात पडला. अख्खं गाव होय म्हणतंय, म्हणजे आज चूक नाही. आज पेजेबरोबर एखादा भाजलेला बांगडाही मिळेल, असं वाटून त्याने हसत मामाकडे वळून पाहिलं. मामा मागच्या दाराने केव्हाच पसार झाला होता.