वाढून ठेवलेलं पान

फार फार वर्षं झाली. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही. तो कशासाठी लढला, तेही कुणाला धड सांगता येत नाही. पण त्याच्या लढाईला डोंगराखालच्या एका गावातून शिपाई गेले होते, एवढं मात्र खरं. पोरांनो, ऐका. आणि पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांनो, तुम्हीही ऐका.

लढाई संपली. काही शिपाई परत आले. काहींच्या मरणाची बातमी आली. एका शिपायाचं मात्र काहीच आलं नाही. ना तो आला, ना बातमी.

त्याच्या घरी बायको होती आणि एक मुलगी होती. तो गेला तेव्हा मुलगी पाळण्यात होती. आता ती आईच्या खांद्याला लागली होती. पण आईच्या जिवाचा घोर काही कमी झाला नव्हता. रोज दिवेलागणीला दार लावताना ती थबकायची. कडी घातली, तर तो येईल आणि दार बंद बघून परत जाईल. नाही घातली, तर पोरीला कुणी उचलून नेईल. मग ती कडी अर्धी घालायची आणि दाराला पाठ लावून बसायची.

परत आलेले शिपाई त्याच गावात राहत होते. तिने त्यांना विचारायला काय हरकत होती? पण तिने कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, विचारलं आणि ते 'गेला' म्हणाले तर? न विचारता निदान कुंकू तरी लावता येतंय.

त्या गावात एक रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे जुने शिपाई वेशीबाहेरच्या पारावर जमायचे. तलवारी-भाले धुवायचे, त्यांना झेंडूची फुलं वाहायचे आणि पंगत मांडायचे. प्रत्येकाच्या घरची बाई काहीतरी रांधून आणायची. कुणी आमटी, कुणी भात, कुणी पुरणपोळ्या. जो लढाईत मेला, त्याचं पान मांडत नसत. पण जो बेपत्ता होता, त्याचं पान मांडून त्यावर सगळं वाढून ठेवत. पंगत उठली की ते पान गाईला घालत.

बेपत्ता तो एकच होता. त्याची बायको मात्र पारावर कधी काही घेऊन गेली नाही. गेली तर कुणीतरी काहीतरी बोलेल, याची धास्ती. ती लांबून, देवळाच्या भिंतीआडून बघायची. गाईपुढे पान गेलेलं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. चला, अजून मेला म्हणत नाहीत. एक वर्ष निघालं.

आणि एका खंडेनवमीला तो खरंच आला.

शत्रूच्या कैदेत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. दाढी पांढरी झाली होती, पुढचे दात पडले होते, गालावरून कानापर्यंत जुना वण होता. वेशीपाशी येऊन तो थांबला. पारावर त्याचेच सोबती बसले होते. त्याने सगळ्यांना ओळखलं. त्याला कुणीही ओळखलं नाही.

"राम राम," तो म्हणाला.

"राम राम, बाबा. कुठले?" मोठ्या मिशांच्या एका शिपायाने विचारलं.

"लांबचा. नदीच्या घाटावर निघालोय."

"मग जेवून जा. आज आमच्याकडे पंगत आहे."

पाहुण्याला वाटलं, आत्ता सांगावं. पण घरात कोण उरलंय ते आधी कळू दे, मग सांगू. त्याने नजर फिरवली. सोबत्यांच्या बायका वाढत होत्या, नातवंडं पाराभोवती पळत होती. प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी तिथे होतं. त्याच्या घरचं मात्र कुणीच नव्हतं. ना बायको, ना मुलगी.

पंगत बसली. पत्रावळ एक कमी पडली. मिशीवाल्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि वाढून ठेवलेलं पान पाहुण्यापुढे सरकवलं.

"अरे, ते बेपत्त्याचं पान!" दुसरा शिपाई म्हणाला.

"मग काय झालं? दारी आलेला उपाशी परत पाठवायचा?" मिशीवाला म्हणाला. "बसा हो बाबा. याच्या मालकाला आम्ही दरसाल वाढतो, पण तो काही यायचा नाही."

पाहुण्याच्या हातातला घास हातातच राहिला. 'त्याच्या घरी कोण आहे?' एवढाच प्रश्न. जिभेवर आलेला. पण कुणी म्हणालं, 'कुणी नाही', तर? कैदेत इतकी वर्षं ज्यांच्याशी मनातल्या मनात बोललो, त्या दोघी त्या एका शब्दासरशी मरतील. त्यापेक्षा नकोच विचारायला. त्याने मान खाली घातली आणि आपलंच पान मुकाट्याने जेवला.

जेवून तो उठला, काठी घेतली आणि नदीकडे वळला. जाताना मिशीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "येतो रे, बोक्या."

मिशीवाल्याला हसू आलं. म्हातारा मिशा बघून थट्टा करतोय, असं त्याला वाटलं.

इकडे ती बाई आज जरा उशिरा येऊन भिंतीआड उभी राहिली होती. पंगत उठली. गाय येऊन उभी राहिली. तिच्यापुढे कुणीच काही घातलं नाही. बाईने मान उंचावून पाहिलं. पान जिथे मांडत असत, ती जागा मोकळी होती.

ती कशीबशी घरी आली आणि चुलीपुढे बसली. शेजारच्या म्हातारीने तिचा चेहरा बघितला आणि आत आली.

"काय गं, काय झालं?"

"त्यांचं पान मांडलं नाही."

म्हातारीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे बातमी आली की काय!" आणि तिने मोठ्याने गळा काढला. आणखी दोघी-तिघी धावत आल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. एकीने तिचा हात धरून बांगड्यांवर वरवंटा उचलला.

मुलगी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. तिने पुढे येऊन आईचा हात ओढून घेतला.

"आई, बातमी कुणी आणली?"

"पान मांडलं नाही, बाळा."

"ते कळलं. पण सांगितलं कुणी?"

"कुणी नाही."

"मग तू विचारलंस?"

म्हातारी फणकारली, "एवढीशी पोर, आणि आईची उलटतपासणी घेते! गप बस."

पण आईच्या मनात तो प्रश्न रुतून बसला. आजवर आपण कुणालाच काही विचारलं नाही. आज पहिल्यांदा उत्तर समोर आलंय, तेही न विचारताच. ती उठली. बायका "अगं, अगं" करत राहिल्या. मुलीचा हात धरून ती थेट पारावर गेली.

शिपाई शस्त्रं गुंडाळून ठेवत होते. तिला बघून सगळे उभे राहिले.

"भावजी," ती मिशीवाल्याला म्हणाली, "पान का नाही मांडलं? काही कळलं असेल, तर माझ्या तोंडावर सांगा."

"कळलं? काय कळायचंय, वहिनी?" मिशीवाला गोंधळला. "पान मांडलं होतं की! एक पाहुणा आला, पत्रावळी कमी पडल्या, म्हणून त्याला दिलं. चूक झाली म्हणा."

बाईने मुलीला जवळ ओढलं. मेला नाही. कुणीच तसं म्हणालं नाही. पण आता तोंड उघडलंच होतं, तर तिने आणखी एक विचारलं.

"कोण होता पाहुणा?"

"होता एक म्हातारा. बोलला नाही फारसं. माझ्या मिशांची मात्र थट्टा करून गेला. म्हणाला, येतो रे, बोक्या!"

एवढं बोलला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. दुसऱ्या शिपायाच्या हातातला भाला खाली पडला. कारण गावात त्याला बोक्या कुणीही म्हणत नव्हतं. ते नाव छावणीतलं, इतक्या वर्षांत कुणी न उच्चारलेलं. एकदा सुभेदाराच्या दह्याच्या मडक्यात तोंड घालताना तो पकडला गेला, तेव्हा पडलेलं. गावात कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने सगळ्यांना शपथ घातली होती. ते नाव फक्त त्यांच्या तुकडीला ठाऊक होतं.

"अरे, घाटाकडे गेला रे तो!" बोक्या ओरडला.

म्हातारे शिपाई पळायला लागले. कुणाचा गुडघा धरला, कुणाला दम लागला. पण बाई केव्हाच पुढे गेली होती, आणि तिच्या मागे तिची मुलगी.

घाटावर पोचली, तर होडी सुटलेली होती. दोन बांबू लांब गेली होती. आत पाच-सहा माणसं पाठमोरी बसली होती.

"अहो!" तिने हाक मारली. "अहो, थांबा!"

होडीतल्या सगळ्या पुरुषांनी वळून पाहिलं. एकाने मात्र पाहिलं नाही. आपल्याला 'अहो' म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, असं ज्याला वाटतं, तो कशाला वळेल?

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घ्यायचं, तेवढंच. म्हणून तर मीसुद्धा इतका वेळ त्याचं नाव सांगितलं नाही. पण होडी पुढे चालली होती. पलीकडे रान होतं, आणि रानातून फुटणाऱ्या शंभर वाटा. एकदा पलीकडे गेलेला माणूस कुठे शोधणार?

बाई कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि सगळ्या गावासमोर ओरडली, "हैबती! अहो हैबती!"

होडीतला म्हातारा उभा राहिला. एवढा झटकन, की होडी कलंडता कलंडता वाचली.

"अरे, बुडवतोस काय सगळ्यांना!" नावाडी ओरडला. पण हैबतीने तोवर पाण्यात उडी घेतली होती.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि जो शब्द पारावर तोंडातून निघाला नव्हता, तो आता निघाला.

"पोर?"

"ही काय. काठावर उभी आहे."

मुलीने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. ती आईकडे बघे आणि त्याच्याकडे बघे. मग तिने आपल्या पदराने त्याच्या अंगावरचं पाणी पुसायला सुरुवात केली. तो नुसता उभा राहिला आणि रडला.

बोक्या धापा टाकत आला. "माझ्यासमोर जेवतोस आणि तोंड चुकवून पळतोस होय रे!"

"तूच म्हणालास, मालक यायचा नाही."

"अरे शहाण्या! यायचा नाही, यायचा नाही म्हणत म्हणत दरसाल वाढतो, तो काय वेडा म्हणून?"

सगळे हसले. पण हैबती हसला नाही. तो बायकोला म्हणाला, "मागच्या खंडेनवमीलाही आलो होतो गं. याच घाटाच्या पलीकडे. पार दिसत होता. तू कुठे दिसली नाहीस. विचारायचा धीर झाला नाही, म्हणून परत गेलो."

बाईला आठवलं. मागच्या खंडेनवमीला ती भिंतीआड उभी होती. कुणाला काही विचारायचा धीर नव्हता, म्हणून.

हैबती घरी आला, बोळक्या तोंडाने भाकरी कुस्करून खाऊ लागला, मुलीच्या लग्नातही मिरवला. पण ते मधलं एक वर्ष काही दोघांना पुन्हा मिळालं नाही.

भीतीपोटी न विचारलेला प्रश्न जिवंत माणसालाही मेलेला करतो. म्हणून जीव घाबरला, तरी तोंड उघडून विचारावं.