अठ्ठेचाळीस क्युसेक

“बाई, भोंगा कशाला वाजवलात?”

निनाद मुळ्येचा आवाज चढला होता. समोरच्या पडद्यावर त्याचाच प्रोग्रॅम धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा आकडा दाखवत होता. अठ्ठेचाळीस क्युसेक. एवढ्याशा पाण्यात नदीत घोटाही बुडत नाही.

परुळेकर बाई खिडकीशी उभ्या होत्या. पूर-नियंत्रण कक्षाच्या त्या प्रमुख, आणि निनादला प्रोग्रॅमिंग शिकवलेलंही त्यांनीच. खाली नदीपात्रात धनगरांचा तळ पडला होता.

“धरणाचं दार दोन फूट उचलल्याचं मघाशीच कळवलंय त्यांनी,” बाई म्हणाल्या. “आणि पाणी अठ्ठेचाळीस?”

“आकडा थेट धरणावरून येतोय. प्रोग्रॅम माझ्या मशीनवर महिनाभर चालवून पाहिलाय, एकदाही चुकला नाही.” निनाद हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. “जुना प्रोग्रॅम पुढचं येईपर्यंत गोठून बसायचा. माझा ताटकळत नाही. सॉकेटमधून, म्हणजे धरणाशी जोडलेल्या वाटेनं, जेवढं हाती येईल तेवढं लगेच दाखवतो.”

“महिनाभर त्याला आकडे पाठवणारं मशीन कुठलं होतं?”

“तेच... माझंच.”

बाईंनी फोन उचलला. धरणावरचा फोन लागत नव्हता. खाली बायका पोरांना कडेवर घेऊन चढ चढत होत्या. मेंढरं मात्र हलेनात.

“कागद घे. सांगते तो आकडा लिही.” फोन कानाशी धरूनच बाई म्हणाल्या, “चार... आठ...”

आणि थांबल्या.

निनाद पेन टेकवून बसला... बराच वेळ.

“पेन खाली का ठेवलं नाहीस?”

“तुमचं संपलं कुठं होतं?”

“कशावरून?”

“तुम्ही... संपलं म्हणाला नाहीत.”

बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. धरणाचा आकडाही तुकड्यातुकड्यांनी येत होता, आणि पडद्यावर त्याचा पहिलाच तुकडा होता.

तेवढ्यात फोन लागला. धरणावरचा चौकीदार इतक्या मोठ्यानं ओरडत होता की निनादलाही ऐकू गेलं. “चार हजार आठशे पन्नास सोडलंय, बाई! माणसं हलवा!”

शेवटचा धनगर मेंढरं हाकत काठावर पोचला, तेव्हा तळावरच्या चुली पाण्याखाली गेल्या होत्या.

निनाद की-बोर्डकडे वळला. त्याला भीती वाटत होती, आणि लाजही.

“बाई, आकडा संपल्याची खूण येईपर्यंत आता थांबतो. पण... तोवर पडद्यावर काय दाखवू?”

बाईंनी भोंगा बंद केला.

“ठाऊक नाही, असं दाखव.”