गोमूचा डावा बारावा बूट

एक होती गोम. तिचं नाव गोमू. पाय चाळीस. बूट चाळीस.

आज गोमांची कवायत. एक जरी पाय अनवाणी, तरी रांगेत जागा नाही!

गोमू निघाली. टुकू टुकू, टुकू टुकू. वाटेत ठेच लागली. बूट उडाला. ओढ्यात पडला. डुबुक! वाहत वाहत गेला पार घूसमावशीच्या कोठीत. रानातले हरवलेले सगळे बूट तिथेच जातात.

कोणता बूट? डावा बारावा.

कोठी लांब. पण भोपळ्याचे देठ असतात पोकळ. एकाला एक जोडले, झाली लांब नळी. रानात सगळे नळीतूनच बोलायचे.

गोमूने फुंकलं. पूं पूं!

"कोण गं?"

"मी गोमू. डावा बारावा बूट मिळेना. मावशी, कोठी उघड ना!"

"छट्! आधी खारीने किल्ली टाकली, तर कोठी उघडीन."

पूं पूं!

"कोण गं?"

"मी गोमू. घूसमावशी कोठी उघडेना, डावा बारावा बूट मिळेना. खारआत्या, किल्ली टाक ना!"

"छट्! किल्ली अडकलीय शेंड्याला. आधी वानराने फांदी हलवली, तर किल्ली टाकीन."

पूं पूं!

"कोण गं?"

"मी गोमू. खारआत्या किल्ली टाकेना, घूसमावशी कोठी उघडेना, डावा बारावा बूट मिळेना. वानरकाका, फांदी हलवा ना!"

"छट्! पाठ खाजतेय. आधी मैनेने पाठ खाजवली, तर फांदी हलवीन."

पूं पूं!

"कोण गं?"

"मी गोमू. वानरकाका फांदी हलवेनात, खारआत्या किल्ली टाकेना, घूसमावशी कोठी उघडेना, डावा बारावा बूट मिळेना. मैनाआजी, पाठ खाजव ना!"

"एवढंच? आण ती पाठ!"

मैनाआजीने पाठ खाजवली. खर्र खर्र! म्हणाली, "गोमूसाठी, डावा बारावा बूट."

वानरकाकांनी फांदी हलवली. हुप्प! नळीत म्हणाले, "कुणासाठी तरी, बूट."

खारआत्याने किल्ली टाकली. टप्प! नळीत म्हणाली, "बूट."

घूसमावशीने कोठी उघडली. कर्रर्र! हाताला लागला तो बूट दिला ओढ्यात सोडून. ओढा वळसा घालून पुन्हा गोमूजवळूनच वाहायचा.

बूट आला. धडाम्म! हत्तीचा बूट! गोमू त्याच्याखाली गडप.

गोमू रांगत बाहेर आली. लालेलाल झाली.

"मावशी! माझं नाव सांगितलं होतं ना?"

"सकाळपासून किती जणांनी पूं पूं केलं! मी कुणाकुणाला लक्षात ठेवू? खार नुसतं 'बूट' म्हणाली."

"वानर नुसतं 'कुणासाठी तरी, बूट' म्हणाला," खारआत्या म्हणाली.

"एवढं लांबलचक कोण बोलणार?" काका म्हणाले.

"तुम्ही बोलणार!" गोमू ओरडली. "नाव गाळायचं नाही. पाय गाळायचा नाही. पुन्हा!"

"पाठही पुन्हा?" काकांनी विचारलं.

"पाठही पुन्हा!"

खर्र खर्र! "गोमूसाठी, डावा बारावा बूट."

हुप्प! "गोमूसाठी, डावा बारावा बूट."

टप्प! "गोमूसाठी, डावा बारावा बूट."

कर्रर्र! "गोमूसाठी, डावा बारावा बूट. हा घे!"

बूट आला. डुबुक डुबुक. इवलासा. ओला.

गोमूने पाय घातला. बरोब्बर!

बूट पायात, गोमू रांगेत, टुकू टुकू टुकू टुकू,
आणि गोष्ट तुमच्या कानात!