सरोवराची ओटी

पूर्वी मंजुळ नगरीत प्रियंकर राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. राजा तसा दुष्ट नव्हता हो, पण वाईट बातमी ऐकली की त्याला घास उतरत नसे. म्हणून त्याने सोमिल नावाचा एक बोलघेवडा पदरी ठेवला होता. राजाच्या आणि प्रजेच्या कानावर जायचे ते आधी सोमिलच्या तोंडून गोड होऊन जाई.

आणि काय गोड! सैन्य पळून आले, तर सोमिल म्हणे, "सेनेला घरची ओढ लागली." दुष्काळ पडला, तर "यंदा भूमीचे व्रत आहे." दरबार खो खो हसे, राजा गळ्यातला हार काढून देई. अमात्य मात्र एकदा म्हणाला, "सोमिला, एखाद दिवशी लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील." सोमिलला वाटले, ही शाबासकीच.

एका वर्षी पाऊस उदंड झाला आणि नगराच्या वरच्या अंगाला असलेल्या सरोवराच्या बांधाला भेग पडली. अमात्याने राजाला विनवले, "महाराज, सखल वस्ती आत्ताच्या आत्ता हलवा." राजाचा चेहरा उतरला. तो सोमिलला म्हणाला, "काहीतरी बरं सांग रे त्यांना. घाबरवू नकोस."

सोमिलने डोळे मिटले आणि झोकात दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! सरोवरमाता आज लेकरांच्या भेटीला येत आहे!"

अमात्याने सोमिलचे मनगट धरले आणि त्याला ओढतच सखल वस्तीत नेले. पाहतात तो काय, घर कुणीच सोडले नव्हते. दारोदारी सडा-रांगोळी. बायका ठेवणीतली लुगडी नेसून बांधाच्या पायथ्याशी जमलेल्या, हातांत तांदूळ, नारळ, खण. माता येणार म्हटल्यावर तिची ओटी नको भरायला? त्यांच्यात सोमिलची थोरली बहीण उत्पलाही होती, नात कडेवर घेऊन.

"आलास का रे!" ती हरखून म्हणाली. "तुझी दवंडी ऐकून रडूच आलं बघ मला. ये, पहिला हात तू लाव ओटीला."

अमात्य ओरडत होता, "बांध फुटतोय, पळा!" पण बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. अमात्यांचं आता वय झालं, दवंडीत तर असं काही नव्हतं. अमात्य सोमिलकडे वळला. "माझं नाही ऐकायच्या त्या. तूच सांग."

सोमिलने तोंड उघडले. "बायांनो, मातेचं आगमन जरा वेगानं..." जिभेचे वळण जाते कुठे! त्याची त्यालाच शिसारी आली. बहिणीचे ते भरवशाचे डोळे त्याला सोसवेनात. शरमेने तो ओरडला, "आक्का, मी खोटं बोललो! पूर येतोय. मराल सगळ्या. पळा गं!"

मग मात्र एकच धावपळ उडाली. बांध फुटला तेव्हा माणसे टेकडीवर होती, घरे मात्र वाहून गेली. उत्पलाने भावाकडे पाठ फिरवली.

प्रजेला घाबरवले म्हणून राजाने अमात्याला पदावरून काढून नगराबाहेर घालवले आणि सोमिलला म्हणाला, "हे जरा नीट सांग लोकांना."

सोमिल चौकात उभा राहिला. मान वर होईना. "लोकहो," तो म्हणाला, "तुमचा जीव वाचवला म्हणून राजानं अमात्यांना हाकललं. आणि तुम्हाला बुडवायला निघालो होतो तो मी." एवढे बोलून तोही अमात्याच्या मागोमाग नगराबाहेर चालू लागला.

शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, ही कथा विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. आजारी भिक्षूसाठी आलेली खीर दुसऱ्याच एका भिक्षूने फस्त केली होती, आणि विचारल्यावर "पात्र स्वच्छ करून ठेवले" असे सांगितले होते.

शास्ता म्हणाला, "तेव्हाची उत्पला म्हणजे खीर आणणारी उपासिका. अमात्य मी होतो. राजाचे जन्म अजून चालूच आहेत. आणि सोमिल..."

तो भिक्षू आपण होऊन उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"भन्ते, खीर मी खाल्ली."

"भिक्षूंनो," शास्ता म्हणाला, "सत्याची पराकाष्ठा, सत्यपारमिता म्हणतात ती हीच."