द्रौपदाबाईंचा पाय

वीटभट्टीवाल्या शेठच्या टेम्पोनं द्रौपदाबाईंचा पाय मोडला, त्याला नऊ वर्षं झाली. भरपाईच्या दाव्याचा पुकारा झाला, की शेठचे वकील रणदिवे पुढची तारीख मागून मोकळे!

त्या दिवशी बाई स्वतः जिना चढून आल्या. रणदिवे गरजले, “साहेब, बघा! कुठं मोडलाय पाय?”

बाई न्यायाधीशांना म्हणाल्या, “साहेब, पहिल्या तारखेला मला लेकानं उचलून आणलं. मग कुबड्या आल्या, मग काठी. यांनी इतक्या तारखा घेतल्या, की हाडच जुळून आलं! आता आणखी एक तारीख दिलीत तर मी पळत येईन, आणि हे म्हणतील, म्हातारीनंच टेम्पोला उडवलं!”

न्यायाधीशांनी हसू दाबत तारखांची डायरी मिटली. “वकीलसाहेब, युक्तिवाद सुरू करा. आत्ता.”