करडाने सांभाळलेलं पान

माणसांच्या आधी जनावरंच मिरवणुका काढत, त्या काळची गोष्ट. माळावरच्या रंगू गाढविणीने पिलांचं ढोलपथक काढलं. पोकळ भोपळ्याच्या तोंडावर सागाचं पान ताणून बांधलं, की झाला ढोल. ज्याला शेपूट, तो भरती.

"आधी ताल शिकवा, मग पथक काढा," मोर म्हणाला. "जत्रेत ठेका चुकला, की दुकान बंद."

धास्तावलेल्या रंगूने पिलांना बजावलं, "आपापलं पान जिवापाड सांभाळा."

जत्रेच्या सकाळी बकरीच्या करडापुढे नुसताच भोपळा होता.

"पान कुठंय?"

"सांभाळलंय की," करडू ढेकर देत म्हणालं. "पोटात."

मोराला उकळ्या फुटल्या. रंगूला घाम फुटला, पण करडाला घरी धाडणं काही तिच्याने होईना. "शिंगं आहेत ना?" ती म्हणाली. "मग दे धडक."

करडू भोपळ्यावर टक टक धडकत निघालं. तो कोरडा आवाज सगळ्या ढोलांच्या वर ऐकू येत होता, आणि त्यावर पिलांचे पाय एकदाचे जुळले.

ताल जमला तो पान खाल्ल्यामुळेच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी मोराने नियम काढला: पथकात यायचं, तर आधी सागाचं पान खाऊन दाखवावं.

"बरं आहे, मोरराव," रंगू कान हलवत म्हणाली. "सुरुवात तुम्ही करा. आम्ही ठेका धरतो."